लाकडी सभामंडपाची वळचण

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात वसलेल्या बोरी अरब परिसरात ऊन प्रखर आणि पावसाळी सरी वाऱ्याच्या. अशा ठिकाणी लाकडी सभामंडपाचे खरे संरक्षण वळचणीनेच होते. तळखड्यावर उभा असलेला सागवानी खांब वारंवार भिजल्यास बुडाशी प्रथम कुजतो; म्हणून वळचण जोत्याच्या कडेपलीकडे यावी, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतात.

३ फूट वळचणीची सावली दक्षिण भिंतीवर २१ मार्चच्या मध्यान्ही वळचणीच्या कडेखाली सुमारे ८ फूट उतरते, २२ डिसेंबरला मात्र ३ फूटच. त्यामुळे उन्हाळ्यात गारवा राहतो, हिवाळ्यात ऊब मिळते. लांब वळचणीखाली वारा शिरून छप्पर उचलतो. यास्तव वासे तुळईस घट्ट जखडून तिरपे टेकू द्यावेत.

जीर्णोद्धारास साहाय्य करणाऱ्या भाविकांनी वळचण आखूड करण्याचा आग्रह धरू नये. खांबांचे आयुष्य तिच्यावरच अवलंबून असते.