नख सुधारतं ते मुळातून

लग्नाच्या गडबडीत लावलेलं ते जेल पॉलिश तू बसल्या बसल्या सोलून काढलंस, आणि आता नखं जरा कुठे अडकली की दुमडतात म्हणून कुरकुरतेस. पॉलिशबरोबर नखाचा वरचा थरही निघून आला, दुसरं काय! आता ऐक. जे नख डोळ्यांना दिसतं ते मेलेलंच असतं. त्यावर काहीही चोपडलंस तरी गेलेला थर परत येत नाही. जिवंत असतं ते मूळ, नखामागच्या कातडीखाली. अंगठ्याला पांढरा चंद्र दिसतो ना, ते त्याचंच टोक. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं नवं यायला सहा महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर नखं आखूड ठेव, रात्री झोपताना खोबरेल तेलाचं बोट फिरव आणि मुळाच्या वाटेला जाऊ नकोस.

पार्लरमधली मुलगी नखामागची पातळ कातडी मागे ढकलते, वर कापतेही. तिला स्वच्छ नकार दे. ती कातडी आहे म्हणून पाणी आणि जंतू मुळापर्यंत पोचत नाहीत. ज्यांचे हात दिवसभर ओले, म्हणजे मासे विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, तान्ह्या बाळाचं करणाऱ्या बायका, त्यांची बोटं कधी निरखून बघ. नखामागचा भाग फुगलेला, तुकतुकीत, आणि नख व कातडी यांच्यात बारीक फट. नख वर खडबडीत होत जातं. अशा बोटाला नुसतं मलम पुरत नाही, ते कोरडं राहिलं पाहिजे. भांडी घासताना रबरी हातमोजे घाल, पण आत सुती मोजे हवेत, नाहीतर घामाने हात आतल्या आतच भिजतात. लिंबू पिळणं, लसूण सोलणं काही दिवस दुसऱ्या कुणाकडे दे. घरात पुरुषमंडळी आहेत की!

नखुरडं मात्र वेगळं. ते एका दिवसात येतं आणि ठणकतं. पूर्वी लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसवत. फुटलेल्या कातडीला लिंबाचा रस लागला की काय आग होते ते मी सांगायला नको. त्यापेक्षा सोसवेल इतक्या गरम पाण्यात मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं बोट बुडव, दिवसातून तीन-चार वेळा, आणि दर वेळी नीट पूस. सुईने टोचायचं नाही. पू दिसायला लागला, ठणक्याने रात्री डोळा लागेना, लाली बोटावर चढायला लागली, तर डॉक्टरांकडे जा. तुझ्या सासूबाईंना साखर आहे; त्यांनी तर पहिल्याच दिवशी दाखवायचं.

आता नखं बघायची कशी ते. पांढरे ठिपके दिसले की बायका कॅल्शियमच्या गोळ्या आणतात. लहानपणी आपण बगळ्यांची रांग बघून नखांवर जी फुलं मागायचो, तीच ही. बारीकसा मार लागलेला असतो, नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात.

पण सगळ्या नखांवर एकाच रेषेत आडवी खाच दिसली तर फूटपट्टी घे. मुळापासून खाच ६ मिलिमीटरवर असेल तर दोनएक महिन्यांपूर्वी शरीराला जबर दणका बसलेला असतो. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन. तेवढे दिवस मुळाने काम जवळजवळ थांबवलेलं असतं. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ मध्ये हे लिहून ठेवलं. त्याला औषध नाही, लागतही नाही.

नखाच्या खोलगट भागावर पाण्याचा थेंब ठेवला आणि तो तिथेच बसून राहिला, तर हिमोग्लोबिन तपासून घे. लोह कमी असलं की नखं अशी आत बसतात. तान्ह्या मुलांच्या पायाची नखं मुळातच तशी असतात, त्यांना छळू नकोस.

दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धर. मध्ये शंकरपाळीच्या आकाराची बारीक फट दिसते. ती फट बुजलेली असेल आणि बोटांची टोकं फुगीर असतील, तर छाती आणि हृदय तपासायला हवं. ही खूण सांगणारे श्यामरोथ दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगाचे डॉक्टर. हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला तेव्हा त्यांनी ती स्वतःच्याच बोटांवर पाहिली आणि १९७६ मध्ये छापली.

काळं नख म्हटलं की लोक घाबरतात. ठेचेचं रक्त साकळलेलं असेल तर नख वाढतं तसा डाग पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ गुलाबी नख येतं. अशा वेळी नख उपटू नकोस. फार ठणकत असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टर बारीक भोक पाडून रक्त काढतात. आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर तपकिरी उभ्या रेषा असतात, त्याही निरुपद्रवी. पण एकाच नखावर नवी रेषा उमटली, रुंद होत गेली किंवा तिचा रंग बाजूच्या कातडीत उतरला, तर तो कर्करोग असू शकतो. ते नख त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं, पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

पिवळं, जाड, भुसभुशीत नख बहुतेकदा बुरशीचं. पण सोरायसिसमध्ये आणि घट्ट बुटांनीही नख तसंच दिसतं, म्हणून आधी खरवडून तपासणी करून घे. गोळ्या हाताच्या नखांसाठी दीड महिना आणि पायाच्या नखांसाठी तीन महिने घ्याव्या लागतात; उगाच कशाला गिळायच्या? नख खालून सुटलेलं असेल तर सुटलेला भाग कापून टाक, खाली पिन घालून कोरू नकोस.

राहिली ती बायोटिनची गोळी. नखांसाठी सगळ्याच घेतात, पण तिच्यामुळे थायरॉइडची आणि हार्ट अटॅकची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते. रक्त द्यायला गेलीस तर घेतेस म्हणून आधी सांग. आणि ऑपरेशन ठरलं तर पॉलिश काढून जा. बोटाला लावतात त्या चिमट्याला ते आड येतं.