संकरित मोटारगाडी शेतकऱ्यास परवडते काय?

‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्यास नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी निघाली आणि पुढे काही वर्षांतच ‘हायब्रीड’ म्हणजे ज्वारी असा अर्थ खेडोपाडी रूढ झाला. जेथे पाणी, खत व कसदार जमीन होती तेथे त्या बियाण्याने कणगी भरली. जेथे हलकी माळाची जमीन व बेभरवशाचा पाऊस, तेथे कित्येकांचे बियाण्याचे पैसेही निघाले नाहीत. आता हाच शब्द मोटारगाडीच्या मागील दारावर उमटून आला आहे. डिंगोरे, उदापूर, ओतूर या टापूतील कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्या बागायतदारांच्या बैठकीत डिझेलची गाडी घ्यावी, साधी पेट्रोलची घ्यावी, की ही संकरित घ्यावी, असा प्रश्न वारंवार निघतो. आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु महसूल खात्यात कारकुनी करण्यात उमर गेल्यामुळे आकडे मांडून पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही. ते आकडे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आमच्या एका भाच्याने मध्यंतरी एक गाडी पाहून ठेविली व मोठ्या हौसेने सांगू लागला, “मामा, हायब्रीड आहे, निम्मा वेळ विजेवरच चालते.” आम्ही त्याच्याबरोबर जाऊन माहितीपत्रक नीट वाचले, तेव्हा ती गाडी विजेवर एक हातही चालणारी नाही असे दिसून आले. विक्रेत्याने खोटे सांगितले नव्हते. त्याने फक्त अर्धे सांगितले होते. याचे कारण असे की, या नावाखाली दोन अगदी भिन्न जाती विकल्या जातात. पहिली सौम्य जात. तीत एक लहानसे विजेचे यंत्र एंजिनास सुरू होताना व वेग घेताना किंचित हातभार लावते. चाके मात्र एंजिनच फिरविते. दुसरी पूर्ण जात, जीस बाजारात ‘स्ट्राँग हायब्रीड’ म्हणतात. तीत विजेची मोटर एकटीही चाके फिरवू शकते. २०१५ साली केंद्र सरकारने सौम्य जातीसही अनुदान देऊ केले होते, ते १ एप्रिल २०१७ पासून बंद केले. यापुढे या लेखात संकरित म्हटले म्हणजे दुसरीच जात समजावी. खरेदीस जाणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की, एंजिन बंद असता ही गाडी चालते काय?

कल्पना जुनीच आहे. व्हिएन्ना येथे फर्डिनांड पोर्शे याने १९०० च्या सुमारास एंजिनाने वीज निर्माण करून विजेच्या मोटरीने चाके फिरविणारी गाडी बनविली होती. आपल्या आगगाडीचे डिझेल एंजिनही याच रीतीने चालते. मात्र ती रीत सामान्य गृहस्थाच्या गाडीत मोठ्या प्रमाणावर आणण्याचे श्रेय जपानच्या टोयोटा कंपनीच्या प्रियस या गाडीकडे जाते. ती १९९७ साली निघाली. आपल्या देशात २०२२ साली होंडाची सिटी, टोयोटाची हायरायडर व मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या या जातीत आल्या, तेव्हापासून हा विषय मध्यम स्थितीतील माणसाच्या आटोक्यात आला. या गाडीस घरी वीज जोडावी लागत नाही, पेट्रोलच भरावे लागते.

मग पेट्रोल वाचते कोठून? बैलगाडी उतारास लागली म्हणजे बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून चाकास आडकाठी लावीत. त्यात चाक घासे व तापे, आणि ती सारी शक्ती फुकट जाई. मोटारीच्या ब्रेकाचेही असेच आहे. संकरित गाडीत ब्रेक दाबला असता विजेची मोटर उलट काम करून वीज निर्माण करिते व ती बॅटरीत साठविते. पुन्हा निघताना तीच वीज खर्ची पडते. शिवाय गाडी उभी असता एंजिन बंद राहते, आणि मंद चालीस, जेथे एंजिन सर्वांत उधळे, तेथे वीज काम करिते. म्हणजे जेथे थांबणे व निघणे फार, तेथेच हिचा लाभ. पुण्यास जाताना चाकण व मोशी येथे वाहनांची जी दाटी होते, तेथे हिची कसोटी लागते व ती उतरते. उलट आळेफाट्यावरून एकसारख्या वेगाने नाशिकच्या रस्त्यास लागले की साध्या गाडीत व हिच्यात फारसा फरक उरत नाही.

येथे माळशेज घाटाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वाशीच्या बाजारात माल पाठवून मागून स्वतःच्या गाडीने जाणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि घाट उतरताना बॅटरी भरून मुरबाडपर्यंत फुकट प्रवास घडेल अशी त्यांची समजूत आहे. हिशेब पाहावा. माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली असता सुमारे २ युनिट वीज मिळण्याजोगी शक्ती मोकळी होते. परंतु या वर्गातील गाडीची बॅटरी असते सुमारे पाऊण युनिटाची, आणि तीही पूर्ण रिती वा पूर्ण भरलेली होऊ दिली जात नाही. तेव्हा थोडी वळणे उतरताच ती भरते व बाकीची शक्ती पूर्वीप्रमाणेच वाया जाते. बॅटरी भरल्यावर केवळ ब्रेकावर उतरू नये. गियरच्या दांड्यावर ‘बी’ ही खूण असेल तर ती लावावी, म्हणजे एंजिन गाडीस आवरून धरते.

आता मुख्य हिशेब. ग्रँड विटारा २०२२ साली बाजारात आली त्या वेळी एकाच दर्जाच्या सौम्य जातीच्या स्वयंचलित गिअरच्या गाडीची किंमत १६ लाख ८९ हजार व संकरित गाडीची १९ लाख ४९ हजार होती. अंतर २ लाख ६० हजारांचे. त्यावर आपल्या राज्याचा १२ टक्के वाहनकर व वाढीव विमा धरता ३ लाख म्हणण्यास हरकत नाही. पुण्यास वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेच्या परीक्षेत संकरित गाडी दर लिटरला २७.९७ किलोमीटर व दुसरी २०.५८ किलोमीटर चालते. हे आकडे परीक्षाशाळेतील आहेत. आमच्या रस्त्यांवर त्यांचे तीन चतुर्थांश पदरात पडतील असे मानून २१ व १५ धरू. पेट्रोल १०४ रुपये धरले तर संकरित गाडीस किलोमीटरला ४ रुपये ९५ पैसे व दुसरीस ६ रुपये ९३ पैसे पडतात. बचत झाली सुमारे २ रुपयांची. यावरून ३ लाख भरून निघण्यास दीड लाख किलोमीटर चालावे लागते.

दीड लाख किलोमीटर म्हणजे किती, हे ज्याचे त्याने पाहावे. ओतूरचा बाजार, जुन्नरची कचेरी, नारायणगावचे टोमॅटोचे मार्केट, महिन्यातून एकदा पुणे व लग्नसराई, एवढा ज्याचा फिरता व्यवहार, त्याची गाडी महिन्यास ८०० किलोमीटरच्या वर क्वचितच जाते. त्यास १५ वर्षांहून अधिक काळ लागेल. गाडीच्या नोंदणीची मुदतच १५ वर्षे! ज्याची गाडी महिन्यास अडीच हजार किलोमीटर धावते, त्याचे ५ वर्षांत भागते. आणि जो नित्य चाकण-पुण्याच्या गर्दीतून जातो, त्याची साधी गाडी लिटरला ११ व संकरित २२ देते असे धरले, तर बचत किलोमीटरला पावणेपाच रुपयांवर जाते व ६४ हजार किलोमीटरांत पैसे फिटतात. आमचे आकडे कोणी प्रमाण मानू नयेत. पंपावरचा त्या दिवसाचा भाव, दुकानदाराने लिहून दिलेली किंमत व स्वतःच्या गाडीच्या मीटरवरील गेल्या वर्षाचे अंतर, एवढे तीन आकडे घेऊन हीच रीत चालवावी.

या हिशेबातून बहुधा व्याज सुटते, आणि तेथेच शेतकरी फसतो. वाढीव ३ लाख कर्जाऊ घेतले व व्याज शेकडा ९ पडले, तर पहिल्या वर्षीचे व्याज २७ हजार झाले. महिना ८०० किलोमीटरच्या हिशेबाने वर्षाची बचत १९ हजार. म्हणजे पेट्रोल वाचविण्यासाठी घेतलेली रक्कम वाचलेल्या पेट्रोलाहून अधिक खाऊन जाते.

डिझेलकडे आमच्या लोकांचा ओढा जुना आहे व त्यास कारणही होते. डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे तोवर ते पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते बंधन उठले व अंतर कमी झाले. आज डिझेल ९१ रुपये व लिटरला १७ किलोमीटर धरल्यास खर्च ५ रुपये ३५ पैसे येतो. संकरित गाडीहून ४० पैसेच जास्त. वर्षास १० हजार किलोमीटर चालणाऱ्यास हा फरक ४ हजार रुपयांचा. मात्र डिझेलच्या गाडीस आपल्या राज्यात वाहनकर पेट्रोलच्या गाडीहून २ टक्के अधिक पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ती काजळी लांबच्या, वेगाच्या प्रवासात तापून जळते. डिंगोऱ्याहून ओतूर व ओतुराहून डिंगोरे अशा आखूड खेपांत गाळणी तुंबते, दिवा लागतो व गाडी दुरुस्तीस न्यावी लागते. घराजवळच फिरणाऱ्याने नवी डिझेल गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओझे घेऊन लांब जाणाऱ्यास मात्र डिझेलच अजून उपयोगी. क्रेट वाहणारी पिकअप संकरित जातीत मिळत नाही, तेव्हा तेथे वादच नको.

करांची स्थितीही बदलली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी संकरित गाडीवर वस्तू व सेवा कर उपकरासह ४३ टक्के, त्याच आकाराच्या दीड लिटरच्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के व मोठ्या डिझेल एसयूव्हीवर ५० टक्के असे. त्या दिवसापासून तिन्ही ४० टक्क्यांवर आल्या. ४ मीटरच्या आतील लहान एंजिनाच्या गाड्या १८ टक्क्यांवर उतरल्या. संकरित गाडीस जी थोडी सवलत होती ती संपली, आणि लहान पेट्रोल गाडी पूर्वीपेक्षा अधिक फायद्याची झाली. सीएनजीचा पर्यायही कमी अंतर फिरणाऱ्यास संकरितापेक्षा लवकर परवडतो, कारण त्याची वाढीव किंमत लाखाच्या आसपास असते. मात्र टाकीने मागील जागा अडते व घाटाच्या चढणीस जोर कमी पडतो.

मागील जागेचा प्रश्न संकरित गाडीतही आहे. वर सांगितलेल्या गाडीत सामानाची जागा ३७३ लिटरवरून २६५ लिटरवर येते, कारण तेथे बॅटरी बसते. काही गाड्यांत त्या बॅटरीस थंड हवा मिळावी म्हणून मागील आसनाजवळ जाळी असते. तिच्यावर पोते टेकले वा कांद्याची टरफले साचली, तर बॅटरी तापते. नारिंगी रंगाच्या वेष्टणातील तारांत प्राणघातक दाबाची वीज असते. तेथे गावच्या मिस्त्रीस हात घालू देऊ नये. गोठ्याशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांचा बंदोबस्त आधी करावा, कारण तार कुरतडण्यास उंदीर जात पाहत नाही. बॅटरीविषयीची भीती मात्र लोक समजतात तेवढी खरी नव्हे. टोयोटा कंपनी तिची ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी देते. या गाडीचे ब्रेकही कमी झिजतात, आणि तीस क्लच नसतो.

हा विषय आम्ही इतक्या विस्ताराने घेण्याचे कारण निराळे आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावास टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला. आमच्या टापूत त्या दिवसांत कित्येकांनी गाड्या ठरविल्या. सप्टेंबरात तोच भाव कोसळला. त्याच वर्षी ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले व डिसेंबरात निर्यात बंद झाली. ती मे २०२४ मध्ये खुली झाली. पीक एका हंगामाचे, हप्ते मात्र ५ अथवा ७ वर्षांचे. नोकरीत असता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त बोजाच्या नोंदी आम्ही शेकड्यांनी लिहिल्या. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांचे बोजे कमी झाल्याचे फेरफारही लिहिले. जमीन तारण ठेवून घेतलेल्या बैठ्या गाडीचा बोजा लवकर उतरलेला आम्हांस फारसा आठवत नाही.

ऊस लावणाऱ्या बंधूंस एक गोष्ट कळविण्याजोगी आहे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीस केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी इथेनॉलवरही चालणारी संकरित इनोव्हा प्रयोगादाखल दाखविली. इथेनॉलात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. ती तूट विजेच्या साहाय्याने भरून काढावी, अशी त्यातील योजना. तसली गाडी सर्रास विक्रीस आली तर वरील हिशेब नव्याने मांडावा लागेल.

तूर्त ज्यास संकरित गाडीच हवी व पैसा बेताचा आहे, त्याने तीन-चार वर्षे वापरलेली पाहावी. वाढीव किमतीचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र बॅटरीच्या तपासणीचा कंपनीच्या अधिकृत दुकानातील कागद मागावा, राहिलेली हमी नव्या मालकाच्या नावे चालेल असे लेखी घ्यावे, आणि गाडी बरेच महिने उभी होती काय हे शेजाऱ्यास विचारावे. आमच्या भाच्याने वहीत वर्षभराचे अंतर लिहून पाहिले, ते नऊ हजारांच्या आत भरले. त्याने १८ टक्के करातील लहान पेट्रोल गाडी घेतली व उरलेल्या पैशांतून शेततळ्याचा कागद बदलून घेतला.