आधी मार्ग, मग पास

मेदनकरवाडी, चाकण

चि. सौ. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात दहा दिवस म्युनिक आणि स्वित्झर्लंड. बरोबर जावईबापू, तुझ्या सासूबाई, तेरा वर्षांचा थोरला आणि पाच वर्षांची धाकटी. बेत उत्तम आहे. पण "मामा, कुठला पास घेऊ?" हा प्रश्न तू फार लवकर विचारलास. आधी कुठून कुठे जायचं ते ठरव. पास घ्यायचा की नाही, हे त्यातूनच कळेल.

चाकणला अजून रेल्वे आलेली नाही आणि मी तुला युरोपातल्या गाड्या शिकवतोय, याचं हसू येईल. पण इथल्या कंपन्यांचा जर्मनीशी घरोबा जुना. त्या निमित्तानं तिकडे जाणं झालं, शिवाय नोकरी सगळी पर्चेसमधली. पर्चेसवाल्याला पास म्हणजे रेट कॉन्ट्रॅक्ट दिसतं. माल किती लागणार हे नक्की असेल तरच ते करायचं, नाहीतर सवलतीच्या नादात नको तो माल गोदामात येऊन पडतो. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' पास घे. चार दिवसांचा मिळतो, सात दिवसांचा मिळतो. रोज नवा गाव गाठणाऱ्याला तो परवडतो. पंढरपूरला जाऊन तीन दिवस मुक्काम करणाऱ्याला नाही. युरेल पासचं गणितही तेच. तेहतीस देशांत चालतो हे खरं, पण तुला दोनच देश पाहायचे आहेत. शिवाय फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, हे जाहिरातीत ठळक नसतं.

तेव्हा एक तक्ता कर. दिवस, कुठून कुठे, सुटं तिकीट किती, पासात किती, मुलांचं काय. यातला मुलांचा रकाना सगळ्यात आधी भर, कारण तुझ्या थोरल्याचं वय दर ठिकाणी वेगळं धरतात. आपल्या रेल्वेत बारा पूर्ण झाले की पूर्ण भाडं. युरेलमध्ये अकरापर्यंत मोठ्यांबरोबर फुकट. बारा पूर्ण झाले की 'युथ' धरतात आणि पैसे लागतात. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चौदापर्यंत मोठ्यांबरोबर फुकट, पण तिकीट काढताना त्याची नोंद करायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये सोळा पूर्ण होईपर्यंत फॅमिली कार्डावर फुकट. ते कार्ड आईवडिलांच्या पासाबरोबर विनामूल्य मिळतं. मात्र तिथे बरोबर आई किंवा वडील हवेत. "तू आजीबरोबर पुढे जा, आम्ही मागून येतो" हे स्विस गाडीत चालणार नाही. धाकटीची काळजी नको. सहाच्या आतल्यांना दोन्ही देशांत तिकीट पडत नाही.

आता जर्मनी. तिथे डॉइचलांडटिकेटचं नाव ऐकशील. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि पुढेही वाढलं. ते फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही. शिवाय ती मासिक वर्गणी आहे. महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केली नाही, तर तू घरी परत आल्यावरही पैसे कापले जातील. तीन-चार दिवसांसाठी ते ओझं कशाला? म्युनिकहून साल्झबुर्गला एक दिवस जायचं असेल तर बायर्न-टिकेट नावाचं दिवसाचं तिकीट काढ. पाच जणांपर्यंत एकच तिकीट: पहिल्याला मूळ दर, पुढच्या प्रत्येकाची थोडी भर. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथल्या स्टेशनापर्यंत ते चालतं. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालू होतं, म्हणून निघायची घाई करू नकोस.

म्युनिक ते झ्युरिक हा प्रवास साधारण साडेतीन-चार तासांचा. त्याला आधी काढलेलं सवलतीचं तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. जर्मन गाड्या वक्तशीर असतात ही आपली समजूत आता मोडीत काढ. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या सुमारे ६२ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. म्हणून वाटेत गाडी बदलायची असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढ. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे मुक्कामाला वीस मिनिटं किंवा अधिक उशीर होणार असेल, तर गाडीचं बंधन सुटतं आणि पुढची गाडी पकडता येते. दोन सुटी तिकिटं काढलीस तर दुसऱ्याचे पैसे गेले समज. सगळ्यात स्वस्त तिकिटाचा परतावाही मिळत नाही, तेव्हा व्हिसा हातात पडेपर्यंत ते काढू नकोस.

खरी मेख स्वित्झर्लंडमध्ये आहे. स्विस ट्रॅव्हल पासात गाड्या, बस, बोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेहून अधिक संग्रहालयं येतात. रिगीचा डोंगरही फुकट. पण आपल्याकडची प्रत्येक टूर जिथे जाते ते ३४५४ मीटरवरचं युंगफ्राउयोख स्टेशन त्यात पूर्ण येत नाही. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत पास, पुढे फक्त पंचवीस टक्के सूट. उलट महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड पासापेक्षा कितीतरी स्वस्त असून तिथे पन्नास टक्के सूट देतं. एकाच गावात मुक्काम करून एक-दोन मोठे डोंगर पाहणार असाल तर हाफ फेअर कार्ड. रोज गाव, बोट, संग्रहालय बदलणार असाल तर पास. दोन्ही बाजूंनी बेरीज कर. फॅमिली कार्ड दोन्हींबरोबर मिळतं.

आणि हे दर त्या-त्या रेल्वेच्या आजच्या संकेतस्थळावरून घे, जुन्या व्हिडिओवरून नको. जपानच्या रेल पासाची तारीफ अजून ऐकू येते, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण २८,००० येनमध्ये होतं. पूर्वी एवढ्यात पास जवळजवळ वसूल व्हायचा, आता अर्ध्याहून थोडाच जास्त.

बेरजेत पासाचे थोडे पैसे जास्त आले, तरी लगेच तो खोडू नकोस. पासधारकाला गाडी चुकल्याची धास्ती नसते; पाऊस आला तर बेत बदलता येतो, सासूबाईंचे गुडघे दुखले तर पुढच्या गाडीनं जाता येतं. या मोकळीकीला किंमत आहे आणि ती मोजावी. मात्र ती किती मोजायची, हे सहलीत सर्वांत हळू चालणाऱ्या माणसावरून ठरव. तुम्ही दोघं बॅगा घेऊन पाच मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलाल. सासूबाईंना पंधरा लागतील. त्यामुळे तक्ता झाला की तो सासूबाईंसमोर ठेव आणि कोणत्या दिवशी फिरायचं, कोणत्या दिवशी बसायचं ते त्यांना विचार. त्यांनी दोन दिवस विश्रांतीचे मागितले तर तेवढ्या दिवसांचा पास कमी कर. मग मला पाठव, रविवारी बसून आकडे तपासू.

तुझा,
मामा