पाठ-टिपण : पायथन भाषेत ‘संख्या ओळखा’ हा खेळ
(इयत्ता सहावी व सातवी)

उद्देश : संगणकास क्रमवार आज्ञा देण्याची सवय लावणे, आणि आज्ञा चुकल्यास ती चूक शोधून दुरुस्त करण्याचा आत्मविश्वास विद्यार्थ्यांत निर्माण करणे.

पूर्वतयारी : पायथन ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली, ती विनामूल्य मिळते. शाळेत इंटरनेट नसल्यास विंडोजची पूर्ण इन्स्टॉलर फाइल अन्यत्र उतरवून पेनड्राइव्हवरून आणावी. तिच्यासोबत ‘आयडल’ हा लेखन-फलकही येतो. पाठाच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी खेळ स्वतः चालवून पाहावा. प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र फोल्डर करावे. फाइलला ‘रँडम’ हे नाव मात्र देऊ नये. खेळात त्याच नावाचे अंगभूत साधन वापरावयाचे असते. नावे सारखी झाल्यास पायथन मूळ साधनाऐवजी आपलीच फाइल उघडते व खेळ बंद पडतो.

पाठाची वाटचाल : प्रथम खेळ तोंडी खेळावा. शिक्षकांनी १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी. विद्यार्थ्यांनी अंदाज करावा. शिक्षकांनी ‘लहान’ किंवा ‘मोठी’ एवढेच सांगावे. नंतर खेळाच्या पायऱ्या फळ्यावर लिहून घ्याव्यात : संख्या निवडणे, अंदाज विचारणे, तुलना करणे, उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारणे. याच पायऱ्या पुढे आयडलमध्ये उतरवावयाच्या आहेत. भाषेचे मूळ शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. परंतु ‘गुपित’, ‘अंदाज’ अशी नावे व पडद्यावरील वाक्ये देवनागरीत चालतात. फाइल जतन करून एफ ५ ही कळ दाबली की खेळ सुरू होतो.

चुकीचा उपयोग : पहिल्या वेळी अंदाजाचे संख्येत रूपांतर करणारी ‘इंट’ ही आज्ञा मुद्दाम गाळावी. पहिला अंदाज देताच पडद्यावर लाल अक्षरे उमटतात. वहीतील लाल शाईला भिणारे मूल येथे हात मागे घेते, आणि शिक्षकांनी घाईने स्वतःच दुरुस्ती केली तर पाठाचा उद्देशच हरपतो. विद्यार्थ्यांकडून शेवटची ओळ वाचवून घ्यावी. टंकलेला अंदाज पायथनच्या लेखी मजकूर असतो; मजकूर व संख्या यांत लहानमोठे ठरविता येत नाही, असे ती ओळ सांगते. वरच्या भागात चुकीच्या ओळीचा क्रमांकही असतो. ‘इंट’ घातल्यावर ५० हा अंदाज देवनागरी अंकांत दिला तरी चालतो. हे पाहून मुलांना विशेष आनंद होतो.

गणिताशी सांगड : प्रत्येक अंदाज उरलेल्या संख्यांच्या मध्यावर केल्यास कोणतीही संख्या अधिकात अधिक ७ प्रयत्नांत सापडते. हे विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे.

पुढील पायरी : चित्रे व ध्वनी असलेल्या खेळांसाठी ‘पायगेम’ हे साधन निराळे बसवावे लागते. ते काम इंटरनेट उपलब्ध असतानाच उरकावे. एका संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या असल्यास, ज्या आवृत्तीत पायगेम बसविले त्याच आवृत्तीतून खेळ चालवावा. एरवी साधन बसवूनही ते सापडत नाही.

स्वाध्याय :
१. किती प्रयत्न झाले ते शेवटी दाखवा.
२. संख्यांची मर्यादा २०० करा. आता अधिकात अधिक किती प्रयत्न लागतील?
३. अंदाजाच्या जागी ‘पन्नास’ असे अक्षरी लिहा. काय होते ते पाहून कारण वहीत नोंदवा.