पाठ ९ : हातात आलेली माळ

वाचण्यापूर्वी : तुमच्या घरी जपाची माळ आहे का? ती कोण ओढतं?

समजा, तुम्ही बहरीनला, मनामा शहरात राहता. तुमच्या वर्गातल्या मैत्रिणीची आजी वसईला गेली. मैत्रीण कॅथलिक आहे आणि तुमच्यासारखीच घरी मराठी बोलते. संध्याकाळी तिच्या घरी सगळे प्रार्थनेला जमतात. तुम्ही आईबरोबर भेटायला जाता. मैत्रिणीची काकू तुमच्या हातात एक माळ ठेवते आणि म्हणते, "बस बाळा, आमच्याबरोबर."

तुम्ही कॅथलिक नाही. माळ घेतली, तर आपण खोटं वागतो का? नाही घेतली, तर त्यांना वाईट वाटेल का?

आधी माळ नीट बघा. हिला रोझरी म्हणतात. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. गटातल्या प्रत्येक मण्यावर मरियामातेची प्रार्थना म्हणतात. दोन गटांच्या मधे एक वेगळा मणी असतो. त्यावर येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना म्हणतात. आपल्या जपमाळेत १०८ मणी असतात. मुस्लिम शेजाऱ्यांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३ असतात. बोटं सारखीच फिरतात, ओठांवरचे शब्द मात्र वेगळे.

रोझरी म्हणायला कॅथलिक असावंच लागतं, असा नियम नाही. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा सांगतो की, फादरांचा आशीर्वाद कॅथलिक नसलेल्यांनाही देता येतो. आशीर्वाद दिलेल्या वस्तू मात्र आदराने वापराव्यात, असंही तो सांगतो.

मुंबईकरांना यात काही नवल वाटणार नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना असते. तिथे हिंदू, मुस्लिम, पारशी असे सगळेच येतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. तिथे मेणाचे हात, पाय, छोटी घरं विकत मिळतात. ज्याचा पाय दुखतो, तो मेणाचा पाय वाहतो. कुणी कुणाला धर्म विचारत नाही.

पण एक गोष्ट वेगळी आहे. मनामातलं सेक्रेड हार्ट चर्च १९३९ सालचं आहे आणि अवालीचं मोठं कॅथेड्रल २०२१ मध्ये उघडलं. या दोन्ही ठिकाणी तुम्ही मिस्सेला जाऊन बसू शकता. मिस्सेत लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. तो आपल्या देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटत नाहीत. कॅथलिकांची श्रद्धा अशी की, त्यात स्वतः ख्रिस्त असतो. तो घेणं म्हणजे "मी या श्रद्धेचा आहे" असं सगळ्यांसमोर सांगणं. म्हणून त्या वेळी जागेवरच बसा. त्यात तुमचाही अपमान नाही आणि त्यांचाही नाही.

आणखी एक. काही जण रोझरी फॅशन म्हणून गळ्यात घालतात. देवघरातली आजीची माळ कुणी पार्टीला घालून गेलं, तर तुम्हाला कसं वाटेल? तसंच त्यांनाही वाटतं.

आता पुन्हा मैत्रिणीच्या घरी या. माळ दोन्ही हातांनी घ्या. शब्द मनापासून म्हणावेसे वाटले, तर म्हणा. नाही वाटले, तर माळ हातात धरून शांत बसा आणि त्या आजीची आठवण काढा. खोटं म्हणण्यापेक्षा शांत बसणं चांगलं. निघताना माळ परत द्या. काकू म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे," तर घरी स्वच्छ जागी ठेवा.

शब्दार्थ
गेली (इथे) – मरण पावली
माळ ओढणे – एकेक मणी सरकवत जप करणे
वाहणे (इथे) – देवाला अर्पण करणे
मिस्सा – कॅथलिकांची मुख्य उपासना
नवल – आश्चर्य

उत्तरं लिहा
१. रोझरी, जपमाळ आणि तसबीह यांत काय सारखं आहे? काय वेगळं आहे?
२. देवळातला प्रसाद आणि ख्रिस्तप्रसाद यांत कोणता फरक आहे?

बोलूया
तुम्ही काकूच्या हातातून माळ घ्याल का? का? तुम्ही स्वतः कॅथलिक असाल, तर घरी आलेल्या मित्राला काय सांगाल? घरच्यांनाही विचारा आणि पाच वाक्यं सांगा.