महालात कबरी कशा?

शिक्षक मित्रांनो, यंदा चौथीच्या वर्गात पुस्तक न उघडताच विचारलं, "चांदबीबी महाल कुणी पाहिलाय?" भराभर हात वर. "आत काय आहे?" "कबरी!" "महालात कबरी कशा?" वर्ग गप्प.

डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली इमारत म्हणजे निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. चांदबीबीने लढवला तो आपला भुईकोट किल्ला, १५९५-९६ साली, अकबराचा मुलगा मुराद याच्या वेढ्यात. सुरुंगाने तट फुटला, तो रातोरात बुजवला. हे सांगितलं नि पोरांनी दप्तरांचा तट रचला, पाडला, परत रचला! (गोंगाट झाला, होऊ दिला.)

मग एकीने विचारलं, "सर, मग महालाला चांदबीबीचं नाव कसं पडलं?" उत्तर दिलं नाही. पालकहो, आज घरी आजी-आजोबांना तोच प्रश्न येणार आहे, पोरांना गप्प बसवू नका.