हाताला काम, घरात धान्य

मुलांनो, आपले पनवेल मोठ्या रस्त्यांवर वसले आहे. तालुक्यातील खेड्यापाड्यांची रोजीरोटी या शहराशी जोडलेली आहे. कातकरी व ठाकूर स्त्रिया भाजीच्या पाट्या घेऊन येथील बाजारात येतात. काही कुटुंबे वीटभट्टीवर राबतात.

25 मार्च 2020 पासून कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. एसटी थांबली. भाजी गावात आणि गिऱ्हाईक शहरात, अशी स्थिती झाली. मजुरी बुडाली. रोज कमावून रोज खाणाऱ्याच्या घरात साठा तो किती असणार? त्यातच 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले.

मग लोकांनी दिवस कसे काढले? पहिला आधार रेशनचा होता. एप्रिल 2020 पासून गरीब कुटुंबांना सरकारने माणशी 5 किलो धान्य मोफत दिले. शिधापत्रिकेवर जितकी नावे, तितके धान्य! नव्या सुनेचे किंवा लहान बाळाचे नाव चढवलेले नसेल, तर त्यांचा वाटा मिळत नसे.

दुसरा आधार रोजगार हमीचा. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात या योजनेवर लाखो हातांना काम दिले. 1977 मध्ये तिचा कायदा केला. पुढे 2005 मध्ये देशाने तसाच कायदा केला. 2020 मध्ये आपल्या राज्यात या कामाची मजुरी दिवसाला 238 रुपये होती. मात्र काम हवे असेल, तर ग्रामपंचायतीकडे मागणी नोंदवावी लागे.

तिसरा आधार शेजाऱ्यांचा. कोकणात सावडीची जुनी रीत आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात. हातात पैसा नसला, तरी भाताची लावणी अडत नाही.

मुलांनो, धान्य आणि काम ही खैरात नव्हे, तो हक्क आहे. पण हक्क मागायला अर्ज लागतो, आणि आपल्या तहसील कचेरीत तो मराठीत लिहितात. तुम्ही मराठी शिकत आहात. शेजारच्या एखाद्या आजीच्या शिधापत्रिकेवर नातवाचे नाव राहून गेले असेल, तर तिचा अर्ज तुम्ही लिहून द्या. साथ सांगून येत नाही. कागद मात्र आधीच तयार ठेवता येतो.

स्वाध्याय
1. टाळेबंदीत गावकऱ्यांना कोणते तीन आधार मिळाले?
2. 'सावड' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
3. शिधापत्रिकेवर नाव चढवण्यासाठी तहसीलदारांना अर्ज लिहा.